माझ्या ताईचे लग्न

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनास गेले होते. कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात एक गृहस्थ माझी वाट पाहत उभे होते. त्यांची थोरली मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "बाई, मुलीने हिंदू मुलाशी लग्न करावयाचे मनात घेतले आहे. मुलगा वाईट नाही. पण पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगते, ते तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी तिला तसे ठणकावून सांगतो."

त्यांना व्हरांड्यात उभ्या उभ्या काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. "सवडीने सांगते," इतकेच म्हणाले. पुढे वार्षिकासाठी काही लिहून द्या असे संपादकांनी कळविले, तेव्हा वाटले की ते उत्तर येथेच लिहावे. हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे. आपल्या शाळेत एकाच बाकावर बसून वाढलेली मुलेमुली पुढे दवाखान्यांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत एकत्र काम करतात. असा प्रसंग उद्या कोणाच्याही घरी येईल. माझ्या घरी तो १९७८ साली आला.

शास्त्र काय सांगते, हे आमच्या बाबांना पाठ होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने विजोड जुवाविषयी जे लिहिले आहे, ते बाबा रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वारंवार वाचीत. त्या वचनाच्या मागे मोशेच्या नियमशास्त्रातील एक जुना नियम आहे. बैल आणि गाढव यांना एका नांगरास जुंपू नये, असा तो नियम. आमच्या बारामतीच्या शेतकऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एक पुढे ओढतो, दुसरा मागे रेंगाळतो. तास वाकडे जाते आणि दोघांच्याही माना सोलून निघतात. पौलाच्या शब्दांत केवळ लग्नाचाच उल्लेख नाही, तथापि लग्नाइतके ते दुसऱ्या कोणत्याच भागीदारीस लागू पडत नाहीत. ज्याचे लग्न व्हावयाचे आहे अशा ख्रिस्ती मुलामुलीस मंडळी जो सल्ला देते, त्याचे मूळ येथे आहे. आणि तो सल्ला मला आजही चुकीचा वाटत नाही.

परंतु याच पौलाने याच मंडळीस आधी एक पत्र लिहिले होते, आणि त्याच्या सातव्या अध्यायात निराळ्याच माणसाची चिंता वाहिली आहे. ज्याचे लग्न होऊन गेले आहे आणि ज्याचा जोडीदार ख्रिस्ती नाही, तो माणूस. त्याला पौल सांगतो की जोडीदार राहावयास राजी असेल, तर तू त्याला सोडू नकोस. अशा घरातील मुलांना तो पवित्र म्हणतो. पहिले वचन लग्नाच्या उंबरठ्याअलीकडचे, दुसरे पलीकडचे. आमच्या घरी पहिले पाठ होते. दुसरे वाचल्याचे मला आठवत नाही.

ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राईस्ट' या मंडळ्यांचे मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बारामतीस आले. माझे आजोबा लहानपणी त्यांच्या आश्रयास आले आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या मंडळ्यांत तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देत नाहीत. जो स्वतः समजून, उमजून ख्रिस्तावरील विश्वास कबूल करतो, त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. प्रभुभोजन दर रविवारी होते. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या, कारण पुढे त्यांचा संबंध आहे. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्याचे हिशेब दिवसभर लिहीत आणि संध्याकाळी मंडळीचे हिशेब लिहीत. हिशेबात चूक त्यांना खपत नसे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मिरजेच्या मिशन दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ती इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात लागली. तेथे एक शिक्षक आपल्या आईला औषधासाठी आणीत. त्यांचे भीमेकाठचे गाव उजनी धरणाखाली जाऊन ते कुटुंब इंदापुराजवळ नव्या वसाहतीत राहावयास आले होते. ते धरण १९८० साली पुरे झाले. जुन्या गावांतील देवळे आता पाण्यात आहेत; पळसदेवचे देऊळ तर पाणी उतरले की वर डोकावते आणि लोक होड्यांतून ते पाहावयास जातात. घर, जमीन, देऊळ सारे सोडून आलेल्या त्या माउलीने तुळशीवृंदावन मात्र बैलगाडीतून बरोबर आणले होते. गळ्यात माळ, दर आषाढीस वारी, असे ते वारकरी घराणे. ताईची आणि त्या शिक्षकांची ओळख कशी वाढली, ते मला ठाऊक नाही, आणि असते तरी शाळेच्या वार्षिकात ते लिहिले नसते. १९७८ च्या दिवाळीच्या सुटीत ताई घरी आली आणि तिने आईबाबांना सांगून टाकले. मी तेव्हा नववीत होते. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

चार दिवसांनी बाबांनी एक तोड काढली. मुलाने बाप्तिस्मा घ्यावा. मग विजोडपणाच उरत नाही आणि लग्न मंडळीत लावता येते. मंडळीच्या वडिलांनाही ही तोड आवडली. मुलाला विचारले, तर तो लगेच 'हो' म्हणाला! बाबांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी हसू दिसले. आईने तर उपासनामंदिरात फुले कोणती लावावयाची हेसुद्धा मनात ठरविले.

मोडता घातला तो आमच्या पाळकसाहेबांनी. त्यांनी मुलाला बोलावून विचारले, "बाप्तिस्मा कशासाठी घेता?" तो प्रामाणिक होता, म्हणाला, "लग्नासाठी." पाळकसाहेब म्हणाले, "मग हा बाप्तिस्मा मला देता येणार नाही. तुम्हांला प्रभूविषयी जाणून घ्यावयाचे असेल, तर माझे दार उघडे आहे. वर्षभर या, बसा, वाचा. मग तुमच्या मनात आले तर मी आनंदाने पाण्यात उतरेन. पण लग्नाची चिठ्ठी म्हणून मी ते देणार नाही."

बाबा संतापले. पाळकसाहेब हातातोंडाशी आलेला आत्मा घालवीत आहेत, असे ते आमच्या अंगणात मोठ्याने म्हणाले. त्यावर ताई जे बोलली, ते मी दाराआडून ऐकले: "बाबा, तुम्ही त्यांना पाण्यात उतरवाल आणि बाहेर काढाल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईजवळ बसून हरिपाठ म्हणतील. तेव्हा लबाड कोणास म्हणावयाचे? त्यांना, की मला?"

तिकडच्या घरीही अशीच तोड निघाली होती. मुलाच्या चुलत्यांचे म्हणणे, मुलीने आपला धर्म सोडून घरात यावे, नाव बदलावे, देवापुढे कुंकू लावावे, म्हणजे चारचौघांत सांगावयास बरे. ताईने निरोप पाठविला की मंगळसूत्र आमच्या मंडळीतील बायकाही घालतात, ते मी घालीन. घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडेन. पण देवापुढे हात जोडावयास मला सांगू नये. दोन्ही घरांना एकच गोष्ट हवी होती, आणि दोन्ही घरे एकमेकांना हट्टी म्हणत होती.

यानंतर पाळकसाहेबांनी जे केले, त्याला मी आज ख्रिस्ती मार्गदर्शन म्हणते. त्या वेळी मला ते निव्वळ विलंब लावणे वाटले होते. त्यांनी ताईला आणि त्या शिक्षकांना तीन संध्याकाळी आपल्या घरी बोलाविले. सोबत म्हणून मला पाठविण्यात आले, आणि पाळकीणबाईंबरोबर तांदूळ निवडीत मी सारे ऐकले.

आरंभीच त्यांनी सांगितले, "माझा सल्ला विचाराल, तर हे लग्न करू नका. हे मी तुमच्या तोंडावर सांगतो, मागाहून कोणाजवळ सांगणार नाही. पण तुम्ही दोघे वयात आलेली माणसे आहात. लग्न कराल, तर माझे दार बंद होणार नाही." मग त्यांनी प्रश्न विचारावयास आरंभ केला. रविवारी सकाळी घरात पाहुणे आले, तर ताई उपासनेस जाईल की स्वयंपाक करील? तिच्या पगारातून ती मंडळीला देणगी देईल, ते चालेल काय? मूल तापाने फणफणले आणि आजीने नवस बोलला, तर तो फेडावयास कोण जाईल? प्रसाद हातावर ठेवला तर ती काय करील? या शेवटच्या प्रश्नावर ताईनेच त्यांना उलट विचारले, "तुम्हीच सांगा, काय करू?" मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याविषयी पौलाने करिंथकरांस जे लिहिले आहे ते पाळकसाहेबांनी काढून दाखविले. ते म्हणाले, "मूर्ती काही नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू खाशील, पण तुझ्या खाण्याने ज्याचा विश्वास डळमळेल असा कोणी जवळ असेल, तर खाऊ नकोस. आणि नाही म्हणावयाचे झाले, तर देणाऱ्याचा हात झिडकारू नकोस." यावर त्यांना स्वतःलाही पूर्ण समाधान वाटले नसावे, कारण पुष्कळ वेळ ते पुस्तक तसेच उघडे धरून बसले.

मुलांचा प्रश्न निघाला, तेव्हा ते शिक्षक म्हणाले, "मोठी झाली म्हणजे ती ठरवतील." पाळकसाहेब हसले. "तोवर त्यांना काय शिकविणार? काहीच न शिकविणे, हेही शिकविणेच आहे." मग त्यांनी तीमथ्याची गोष्ट सांगितली. त्याचा बाप हेल्लेणी, आई यहूदी विश्वासिनी. पौल त्याच्या विश्वासाचे मूळ सांगतो, ते आजी लोईस आणि आई युनीके यांच्या नावांनी. बापाचे नावही आपणांस ठाऊक नाही. ऑगस्टीनची आई मोनिका, हिचा पती मूर्तिपूजक होता. आयुष्यभर तिने वाट पाहिली, आणि मृत्यूच्या थोडेच आधी त्याने बाप्तिस्मा घेतला. हे सांगून पाळकसाहेब ताईला म्हणाले, "पण हे आश्वासन समजू नकोस. मोनिकेची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, कारण तिचा मुलगा ऑगस्टीन झाला. ज्यांनी वाट पाहिली आणि काहीच झाले नाही, अशा बायकांची पुस्तके कोणी लिहिली नाहीत. तू यांना बदलण्यासाठी लग्न करीत असशील, तर आजच थांब."

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "ही आधी गेली, तर हिला कोठे ठेवाल?" खोलीत कोणी बोलेना. पाळकीणबाईंचा सुपावरचा हात थांबला. ते शिक्षक खाली पाहून म्हणाले, "याचा मी विचार केलेला नाही." पाळकसाहेब म्हणाले, "मग करा. उत्तर मला आज नको."

आता बैलांविषयी थोडे. आमच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. त्या दिवसांत आमच्या घरात जुवाचाच विषय असल्यामुळे मी त्यांना विचारले, "आजोबा, दोन बैल सारखे नसले तर काय करता?" ते म्हणाले, "सारखे कवा असत्यात? जू मधोमध न बांधता जरा सरकवून बांधायचं, अशक्ताकडची बाजू लांब सोडायची. मग भार त्याच्यावर कमी येतो." मी हे घरी येऊन बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "बैल आणि बैल. शास्त्रात बैल आणि गाढव लिहिले आहे." बाबांचे बरोबर होते. तरीही ते म्हातारबांचे बोलणे माझ्या मनातून गेले नाही.

लग्न पुण्यास विवाह अधिकाऱ्यांसमोर नोंदणीने झाले. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यात उभयतांपैकी कोणासही आपला धर्म सोडावा लागत नाही. नोटीस द्यावी लागते, तीस दिवस ती लावलेली राहते, आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. वारसाहक्क मात्र बदलतो. मुलगा हिंदू एकत्र कुटुंबातील असेल, तर अशा लग्नाने तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे समजले जाते. हे कळताच चुलत्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, कारण धरणग्रस्तांना मिळावयाच्या जमिनीचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. (१८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे वधूवरांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो, तथापि पाळकाने तो लावावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या मंडळीचा प्रश्न आहे. रोमन कॅथलिक पालकांच्या माहितीसाठी सांगते की त्यांच्या मंडळीत अशा विवाहास धर्माध्यक्षांची परवानगी लागते, आणि कॅथलिक पक्षाला आपला विश्वास जपण्याचे व मुलांना त्यात वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते.)

आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्तिसदन आपणांपैकी पुष्कळांनी सहलीत पाहिले असेल. पंडिता रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले, तेही नोंदणीने. पण त्या वेळचा १८७२ चा कायदा निराळा होता. त्याखाली लग्न करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे सांगावे लागे. पुढे त्यांच्या हाती शुभवर्तमान आले आणि मन तिकडे ओढू लागले. पतीचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले होते, तरी पत्नीने उघड बाप्तिस्मा घ्यावा हे त्यांना मुळीच रुचले नाही. १८८२ साली ते वारले. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १८८३ साली, इंग्लंडात. ते जगले असते तर काय झाले असते, असा प्रश्न मी वर्गात मुलींना विचारीत असे. मुली फार निरनिराळी उत्तरे देत.

लग्नास आमच्या घरून कोणी गेले नाही. पाळकसाहेब गेले आणि तीन साक्षीदारांतील एक झाले. याबद्दल मंडळीत त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले.

येथे मला माझ्याविषयी लिहावयाचे आहे. लग्नानंतर महिन्याभराने ताईचे एक पत्र माझ्या नावाने आले. आजवर माझ्या नावाने आलेले ते पहिलेच पत्र. मी ते न फोडता बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मला कोणी तसे सांगितले नव्हते. बाबांना बरे वाटावे, म्हणून मी ते केले. बाबांनी ते हिशेबाच्या वहीत ठेवले, आणि मी ते कधी मागितले नाही. ताईने आणखी दोन पत्रे लिहिली. मग लिहिणे बंद झाले. आई मात्र बाजाराच्या दिवशी इंदापूरच्या एस. टी.च्या वाहकाजवळ लोणच्याची बरणी देई. ते बाबांना ठाऊक होते, असे मला आता वाटते.

सात वर्षे गेली. मी शिक्षिका झाले. १९८६ साली नववीच्या वर्गास लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवावी, असे मनात आले. त्या पुस्तकाचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून न हसलेली, न रडलेली मुलगी मी पाहिलेली नाही. मी ते पूर्वी वाचले होते, पण मोठ्याने वाचताना त्यातली एक गोष्ट मला प्रथमच दिसली. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. ताटातूट झाली. मुलाला घेऊन त्या काही काळ पंढरपुरास बहिणीच्या घरी होत्या. त्या काळी १८६६ सालचा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्या माणसास कोर्टाकडून लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरास पतीजवळ आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, तर आपले सोवळेओवळे बरोबर घेऊन. पुढे त्यांच्या मनातून जातिभेद गेला, तो आधी. धर्माचा विचार त्यानंतर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या मनाने. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले.

आमच्या मंडळीत टिळकांची भजने सर्वांच्या ओठी. ज्या माणसाची भजने बाबा डोळे मिटून गात, त्या माणसाने हिंदू पत्नीशी संसार केला होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत मी पुस्तक मिटून बसले. त्या न फोडलेल्या पत्राची आठवण झाली. शाळा सुटल्यावर मी घरी न जाता बसस्थानकावर गेले.

ते आषाढीपूर्वीचे दिवस होते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. रस्ता वारकऱ्यांनी भरलेला, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. पन्नासेक किलोमीटरांना रात्र झाली. पत्ता विचारीत मी घरापाशी पोहोचले, तो अंगणात कंदील लावलेले आणि ओळीने बसलेले वारकरी. ताई खाली बसून एका म्हाताऱ्याच्या पायाचे फोड साफ करीत होती. गळ्यात तुळशीची माळ घातलेली एक वृद्ध बाई मिठाचे ऊन पाणी घालून पराती पुढे सरकवीत होती. वारकरी संकोचाने पाय मागे घेई, तेव्हा ती म्हणे, "घाबरू नगा, माउली. माझी सून किरिस्तावाची हाय, पण हात लई हलका हाय तिचा."

ताईने मान वर करून मला पाहिले. उठली नाही, हात भरलेले होते. म्हणाली, "ती कापसाची पिशवी दे जरा इकडे." पहाटेपर्यंत आम्ही दोघी पट्ट्या बांधीत होतो. पत्राचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

सारे गोड झाले, असे कोणी समजू नये. दर रविवारी प्रभुभोजनास बसणाऱ्या मंडळीत ताई वाढली. इंदापुराहून तिला महिन्यातून एकदा बारामतीस येणे जमे. पाळी बदलली तर तेही नाही. तीस वर्षे ती मंदिरातील बाकावर एकटी बसली. नाताळच्या रात्री भावजी तिला दारापर्यंत पोहोचवीत आणि बाहेर रस्त्यावर मित्रांशी बोलत उभे राहत. "प्रार्थना करताना शेजारी कोणी 'आमेन' म्हणत नाही, एवढेच," असे ती मला एकदा म्हणाली. पाळकसाहेबांनी तिला जे जे विचारले होते, ते ते एक एक करून घडले. नवसावरून तिचे सासूबाईंशी महिनाभर बोलणे बंद होते. मुलगा आज आजीची वीणा घेऊन वारीस जातो. मुलीने एकोणिसाव्या वर्षी स्वतः येऊन बाप्तिस्मा मागितला. त्या दिवशी भावजी प्रथमच आत येऊन मागच्या बाकावर बसले. मुलाच्या बाबतीत ताई रडली आहे, ते मी पाहिले आहे. भावजी ख्रिस्ती झाले नाहीत.

आई गेल्यावर, १९८९ साली बाबांना पक्षाघाताचा झटका आला. ताई त्यांना इंदापुरास घेऊन गेली. त्यांना बोलता येत नसे. संध्याकाळी भावजी त्यांना शास्त्रातील एक अध्याय वाचून दाखवीत, शिक्षकाच्या स्वच्छ आवाजात. आणि सासूबाई दारात बसून ऐकत. दोन वर्षांनी बाबा गेले. बारामतीच्या कबरस्तानात नेताना पुढचा खांदा भावजींनी दिला. बाबांच्या हिशेबाच्या वह्या मी आवरल्या, तेव्हा ताईची तिन्ही पत्रे एकात मिळाली. पहिले फोडलेले होते, आणि घडीवर पुष्कळदा उघडल्याच्या खुणा होत्या.

व्हरांड्यातील त्या गृहस्थांना मी पुढे भेटले. "ठणकावून सांगू नका," म्हणाले. "मुलीला आणि मुलाला माझ्याकडे पाठवा." ती दोघे दोनदा आली. पाळकसाहेबांचेच प्रश्न मी त्यांना विचारले. शेवटचा अजून विचारावयाचा आहे. लग्न करू नका, असेही मी त्यांच्या तोंडावर सांगितले. मुलीला ते आवडले नाही.

गेल्या महिन्यात ताई आणि भावजी बारामतीस आली होती. भावजी आता काठी घेऊन चालतात. सकाळी म्हणाले, "चला, कबरस्तानात जाऊन येऊ." बाबांच्या कबरीपाशी ते बराच वेळ उभे राहिले, मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे काठी दाखवून म्हणाले, "ही जागा मंडळीच्या वडिलांना सांगून ठेवली आहे, हिच्यासाठी. मुलालाही कागदावर लिहून दिले आहे, नंतर घोटाळा नको. मला भीमेवर न्या." थोडे थांबून म्हणाले, "पाळकसाहेब असते, तर आज त्यांना जाऊन सांगितले असते. फार उशीर लावला मी."

ताई पुढे फाटकापाशी गेली होती. तेथून तिने हाक मारली, "अहो, चला आता. दहाची एस. टी. चुकेल."